कोकणात औषधी वनस्पती: आधी सुकवणी ठरवा, मग लागवड

कोकणातल्या परसात अडुळसा कुणी मुद्दाम लावत नाही, तो असतोच. गुळवेल आंब्यावर चढलेली असते, ओलं किराईत वाटेच्या कडेला उगवतं, विहिरीच्या सांडपाण्यावर वेखंडाचा एखादा गड्डा वर्षानुवर्षं तग धरून असतो. म्हणून औषधी वनस्पतींची शेती म्हटली की वाटतं, इथे काय, काहीही येईल. येतंही. घोडं अडतं ते नंतर, माल घरात आल्यावर.

औषधी माल जवळजवळ सगळा सुका विकला जातो. कारखान्याला तो वर्षभर साठवायचा असतो. ओला माल दोन दिवसांत तापतो, चार दिवसांत बुरशी धरतो, आणि बुरशी धरलेली मुळी कितीही झटकली तरी तपासणीत सापडते. कोकणात वर्षाला साधारण २५०० ते ३५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला नव्वद टक्क्यांहून अधिक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या दिवसांत घरातलं मीठ पाझरतं, कपडे वाळत नाहीत, तिथे शतावरीची मुळी काय वाळणार? त्यात परतीचा पाऊस ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत रेंगाळतो आणि मेच्या मध्यानंतर वळवाचा भरवसा नसतो. म्हणजे माल सुकवायला खात्रीचे दिवस दिवाळीच्या सुमारापासून १५ मेपर्यंत, जेमतेम साडेसहा महिने.

म्हणून इथे पीक निवडताना बाजारभाव शेवटी बघायचा. आधी बघायचं की काढणी या साडेसहा महिन्यांत पडते का. पडत असेल तर तिथून मागे मोजत पेरणीची तारीख काढायची. पडत नसेल तर त्या पिकाच्या नादी लागू नये.

अश्वगंधेचं उदाहरण घेऊ, कारण सगळ्यात जास्त विचारणा तिचीच होते. अश्वगंधा कोरड्या हवेचं पीक आहे. तिची मोठी बाजारपेठ मध्य प्रदेशात नीमचला आहे, आणि त्या भागात कोकणाच्या पाव हिश्शाच्या आसपास पाऊस पडतो. तिथे ऑगस्ट-सप्टेंबरात पेरतात, पाऊस संपता संपता रोप उभं राहतं आणि पुढे जमिनीतल्या ओलीवर मुळी भरते. कोकणात ऑगस्टात पेरलं तर रोपं दोन पानांवर कुजतात. ऑक्टोबरअखेर पेरलं तर जांभ्याची माती इतक्या लवकर निथळते की डिसेंबरनंतर पाणी द्यावंच लागतं, आणि सारखं पाणी दिलं की पाला माजतो, मुळी बारीक आणि रेषाळ राहते. कुंडीत दोन रोपं येतील, शेती होणार नाही. आणलेल्या बियाण्याच्या पिशवीवर हे लिहिलेलं नसतं.

एकाच जमिनीत तीन जागा

पश्चिम घाटाच्या पायथ्याच्या कुठल्याही वाडीत साधारण तीन तऱ्हेची जमीन असते. वर उताराची वरकस, जिथे पाणी थांबत नाही. घराजवळ माड-पोफळीची बाग, जिथे सावली आणि उन्हाळ्यातलं पाणी दोन्ही आहे. आणि खाली व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, लागून मळा किंवा खाचर, जिथे मार्चपर्यंत पायाखाली ओल लागते. औषधी पिकंही तशीच वाटून घ्यावीत: उतारावर शतावरी, बागेत पिंपळी, मळ्यात वेखंड. जागा बदलली की पीक जातं. शतावरी मळ्यात लावली तर पहिल्याच श्रावणात गड्डा सडतो, आणि वेखंड उतारावर लावला तर फेब्रुवारीत पानं पिवळी पडून वाढ थांबते.

तिन्ही जागांना लागू पडणारी एक गोष्ट मातीची. जांभ्याची माती आम्ल असते, सामू (पीएच) बहुधा ५ ते ६.५ च्या दरम्यान. तिच्यात लोह आणि ॲल्युमिनियम भरपूर, आणि ही दोन्ही स्फुरदाला (फॉस्फरसला) धरून ठेवतात. म्हणजे स्फुरद घातलं तरी मुळांना मिळत नाही. यावर उपाय दोन: शेणखत-कंपोस्ट सढळ हाताने घालणं, आणि स्फुरद हाडांचा चुरा किंवा रॉक फॉस्फेटच्या रूपात देणं, कारण आम्ल मातीत ही खतं हळूहळू विरघळत राहतात. चुना किती घालायचा ते माती तपासूनच ठरवावं. दापोलीचं कृषी विद्यापीठ आणि जिल्ह्याची कृषी विज्ञान केंद्रं माती तपासून देतात.

घाटावरून आलेली सरी-वरंब्याची सवय इथे उलटी करावी लागते. घाटावर सरी पाणी धरायला असते, इथे चर पाणी काढून द्यायला. गादीवाफा एक मीटर रुंद आणि पावसाळ्यासाठी किमान ३० सेंटिमीटर उंच हवा. मुळी-कंदाचं पीक असेल तर ४५. चर उताराच्या सरळ दिशेने काढू नये, माती वाहून जाते. उताराला आडवा, किंचित तिरका काढावा. जुलैत दोन दिवस संततधार लागल्यावर शेतात जाऊन उभं राहावं. वाफ्यात बोट खुपसून काढल्यावर भोकात पाणी भरलं तर चर अजून खोल करायला हवा.

पिंपळी: पोफळीच्या सावलीतली

कोकणासाठी एकच पीक निवडायचं झालं तर पिंपळी निवडावी. तिला नेमकं तेच हवं असतं जे कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, आयतं असतं: दमट हवा, अर्धवट सावली, निचऱ्याची पण ओलसर जमीन. उघड्या उन्हात तिची पानं करपतात, आणि फणसाच्या दाट छायेत वेल नुसता धावतो, फळ धरत नाही. भर दुपारी जमिनीवर उन्हाचे कवडसे नाचत असतील, म्हणजे पाव ते अर्ध्या भागात सावली असेल, तर जागा बरोबर आहे.

पिंपळीत नर आणि मादी वेल वेगळे असतात, आणि रानातून वेल आणून लावणाऱ्यांची इथेच फसगत होते. नर वेलीची कणसं लांब, सडपातळ, आणि पराग गळून गेले की वाळून पडतात. बाजारात चालणारी पिंपळी मादी वेलीची: आखूड, जाड, टोकाला बोथट, देठावर उभी. कणीस पाहिल्याशिवाय कलमाची काडी घेऊ नये. केरळ कृषी विद्यापीठाची ‘विश्वम’ ही जात माडाच्या बागेत चांगली येते. रोपवाटिकेत तिच्या नावाने चौकशी करावी.

कामाची सुरुवात मार्च-एप्रिलमध्ये होते. साधारण वर्षाच्या वेलीच्या तीन ते पाच पेऱ्यांच्या काड्या काढायच्या. माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत समप्रमाणात घेऊन पिशव्या भरायच्या, दोन पेरी मातीत जातील अशी काडी खोचायची आणि सावलीत ठेवून रोज हलकं पाणी द्यायचं. दोन महिन्यांत मुळं धरतात. पाऊस एकदा नीट लागला की जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात लागवड. मृगाच्या पहिल्या सरीला घाई करू नये. मध्ये आठ दिवस उघडीप पडली तर कोवळी मुळं सुकतात.

अंतर ६० बाय ६० सेंटिमीटर, खड्डा वीतभर खोल, तळाशी दोन ओंजळी शेणखत, एका खड्ड्यात दोन रोपं. या हिशेबाने मोकळ्या गुंठ्यात २८० खड्डे बसतात. बागेत पोफळीच्या बुंध्यापासून दोन-अडीच फूट सोडायचे असल्याने ते कमी होतात. शेणखत दरवर्षी गुंठ्याला २०० किलोच्या हिशेबाने. पहिल्या वर्षी दोन-तीन वेळा भांगलण लागते, नंतर वेलच जमीन झाकतो. डिसेंबरपासून आठवड्यातून एकदा पाणी द्यावं आणि वेलींच्या मधे झावळ्या, पालापाचोळा किंवा नारळाची सोडणं पसरावीत. सोडणं उताणी ठेवू नयेत, त्यात पाणी साचून डास होतात.

लागवडीनंतर सहा महिन्यांनी कणसं धरू लागतात आणि प्रत्येक कणसाला तयार व्हायला सुमारे दोन महिने लागतात. तोडणीची वेळ हे या पिकातलं खरं कसब आहे. कणीस हिरवं असताना तोडलं तर तिखटपणा भरलेला नसतो. पिकून मऊ झालं तर तिखटपणा उतरतो, आणि ते वाळूनही कट्कन मोडत नाही. हिरव्यावर काळसर झाक आली पण कणीस अजून घट्ट आहे, त्या चार-सहा दिवसांत तोडायचं. चावून बघितलं की जिभेला झणका बसतो आणि मग जीभ बधिर होते. सगळी कणसं एकाच वेळी तयार होत नाहीत, म्हणून तोडणीच्या तीन-चार फेऱ्या धराव्या लागतात. मजुरीचा हिशेब करताना हे लोक विसरतात.

चार-पाच दिवसांच्या कडक उन्हात माल सुकतो. दहा किलो ओल्या पिंपळीची सुमारे दीड किलो सुकी होते. पहिल्या वर्षी गुंठ्याला चारेक किलो सुका माल, तिसऱ्या वर्षी चांगली राखली तर दहा किलोपर्यंत. त्यानंतर वेल थकतो. तेव्हा जमिनीलगतचं जाड खोड आणि मुळं काढून धुऊन सुकवावीत. हेच पिंपळमूळ, आणि तेही विकलं जातं.

बिघडतं काय? पावसाळ्यात पानांवर काळे डाग पडून वेल कुजतो. उपाय पोफळीवाल्यांना पाठ आहे, एक टक्का बोर्डो मिश्रण: एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) ५० लिटर पाण्यात, एक किलो कळीचा चुना दुसऱ्या ५० लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या पिंपात, आणि मग तिसऱ्या पिंपात एकदम ओतून ढवळायचं. लोखंडी सुरी त्यात मिनिटभर बुडवून काढल्यावर तांबूस डाग आला तर चुना कमी आहे, चुन्याची थोडी निवळी आणखी घालावी. पण बागेत याचीच एक अडचणही होते. कोळेरोगासाठी, म्हणजे सुपारीच्या फळकुजीसाठी, पोफळीच्या घोसांवर बोर्डो मारलं की ते खालच्या पिंपळीवर ठिबकतं. म्हणून दुसऱ्या वर्षापासून फवारणीच्या आधी वेलीवरची सगळी तयार कणसं काढून घ्यावीत. तांब्याचा अंश असलेला माल औषधात जाता कामा नये.

दुसरा त्रास उन्हाळ्यातला. पाणी देऊनही वेल पिवळा पडून खुरटला तर मुळाजवळची माती उकरून पाहावी. पांढरा कापूस चिकटल्यासारखा दिसला तर तो पिठ्या ढेकूण. असे वेल मुळासकट उपटून बागेबाहेर जाळावेत आणि जवळची मुंग्यांची वारुळं मोडावीत, कारण मुंग्याच त्याला एका मुळावरून दुसऱ्यावर नेतात.

वेखंड

वेखंड भातासारखा लावायचा. खाचरात चिखलणी करून कोंब आलेले कंदाचे तुकडे ३० बाय ३० सेंटिमीटरवर, पाच सेंटिमीटर खोल खोचायचे. गुंठ्याला साधारण ११०० तुकडे लागतात. सुरुवातीला पाच सेंटिमीटर पाणी, रोपं उंच झाल्यावर दहा. जून-जुलैत लावलेलं पीक एप्रिल-मेमध्ये पानं पिवळी पडू लागली की तयार होतं, म्हणजे काढणी बरोबर कोरड्या दिवसांत येते. अट एकच: खाचर मार्चपर्यंत तडकता कामा नये. पाट किंवा झरा नसेल तर हे पीक घेऊ नये.

काढल्यावर बारीक तंतुमुळं तोडून, गोणपाटावर घासून, पाच ते साडेसात सेंटिमीटरचे तुकडे करायचे. वेखंडाची किंमत त्याच्या वासात आहे आणि वास तेलात. तापलेल्या पत्र्यावर वाळवला तर तेल उडून जातं. जाळीच्या मांडवाखाली, वारा खेळेल अशा जागी आठ-दहा दिवस घ्यावेत.

भारतीय वेखंडात बीटा-ॲसरोन नावाचं द्रव्य बरंच असतं. त्यामुळेच अमेरिकेने १९६८ साली खाद्यपदार्थांत त्याच्या वापरावर बंदी घातली. घरी पिकवलेला असला तरी तो बाळाला उगाळून चाटवण्याआधी वैद्यांना किंवा डॉक्टरांना विचारावं.

शतावरी आणि किराईत

शतावरीला जमिनीची खोली लागते. कातळावर वीतभर माती असेल तर नाही. बी चोवीस तास भिजवून एप्रिलमध्ये पेरावं, उगवायला तीन ते सहा आठवडे लागतात. तोवर बी वाया गेलं म्हणून वाफा मोडू नये. जुलैत ४५ सेंटिमीटर उंच वरंब्यावर ६० बाय ६० अंतराने रोपं लावायची आणि चढायला काठी द्यायची. काढणी १८ ते २४ महिन्यांनी. जुलै २०२६ ची लागवड धरली तर जानेवारी ते एप्रिल २०२८. दगडाळ जमिनीत मुळ्या तुटतात आणि निम्म्या आतच राहतात, म्हणून लागवडीच्या वेळीच चर खणून पोयटा आणि शेणखताने भरून घ्यावा. मुळ्या धुऊन दहा मिनिटं उकळत्या पाण्यात टाकायच्या, मग गार पाण्यात, की साल हाताने सुटते. सोललेल्या दहा किलोची सुकून किलोभर होते. रानडुकरं आणि साळिंदर या मुळ्यांवर टपलेले असतात, तेव्हा गडग्याची पडझड लागवडीआधीच नीट करून घ्यावी.

ओलं किराईत, म्हणजे काळमेघ, चार महिन्यांचं पीक आहे, पण फुलायला लागलं की लगेच कापावं लागतं. कडवटपणा तेव्हा सर्वांत जास्त असतो. जूनच्या सुरुवातीला पेरलं तर कापणी सप्टेंबरच्या पावसात सापडते. म्हणून बी जूनअखेर गादीवाफ्यावर वाळूत मिसळून पेरावं, जुलैअखेर ३० बाय १५ सेंटिमीटरवर रोपं लावावीत. गुंठ्याला १० ग्रॅम बी पुरतं. ताजं बी झोपलेलं असतं, पाच-सहा महिने उगवत नाही. मागल्या वर्षीचं घ्यावं. हिमालयातला काडेचिराईत ही वेगळी वनस्पती. गिऱ्हाइकाशी बोलताना नावांचा घोळ करू नये.

खळं सोडून मांडव

कोकणात सगळं खळ्यात वाळतं: भात, सोलं, सुपारी, मिरची. खळं शेणाने सारवलेलं असतं आणि घरच्या वापराला त्यात काही वावगं नाही. पण औषधी माल प्रयोगशाळेत जातो, तिथे ई. कोलाय आणि साल्मोनेला हे जिवाणू तपासतात, आणि मालाची राख करून वाळू-मातीचं प्रमाण काढतात. सारवलेल्या जमिनीवर वाळवलेला माल या दोन्ही तपासण्यांत मार खातो. पूर्ण पीक नीट वाढवून शेवटच्या चार दिवसांत ते नापास करून घेण्यासारखं वाईट काही नाही.

खर्च फार नाही. बांबूचा मांडव, जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर नायलॉनच्या जाळीची झोळी. वरून माल बोटभर जाडीचाच पसरायचा, दिवसातून तीनदा उलथायचा. दव पडायच्या आत, म्हणजे पाच वाजता, झाकायचा किंवा आत घ्यायचा. कोकणातलं हिवाळ्यातलं दव दिवसभराची मेहनत एका रात्रीत पुसतं. किराईत आणि अडुळशाचा पाला सावलीत वाळवावा, हिरवा रंग टिकला पाहिजे. पिंपळी आणि शतावरीला ऊन चालतं.

वाळलं की नाही हे हाताने कळतं तसं बरणीनेही. मूठभर माल काचेच्या कोरड्या बरणीत घालून झाकण घट्ट लावायचं आणि बरणी तासभर उन्हात ठेवायची. आतून काच धूसर झाली तर आणखी दोन दिवस वाळवायचा. काच स्वच्छ राहिली की माल गार होऊ द्यायचा आणि मगच आत प्लास्टिकची पिशवी घातलेल्या गोणीत भरायचा. गरम माल भरला तर पिशवीत घाम सुटतो. गोणी फळीवर, भिंतीपासून वीतभर दूर. १५ मेनंतर गोणी उघडू नये, म्हणजे विक्री त्याआधी उरकलेली बरी.

ओळख आणि विक्री

चुकीची वनस्पती विकणं ही औषधी शेतीतली सर्वांत गंभीर चूक, कारण ती कुणाच्या तरी पोटात जाते. कोकणात ‘ब्राह्मी’ म्हणून कुंपणाकडेला दाखवतात ती गोल पानांची बहुधा कारिवणा असते. कंपन्यांना हवी असलेली नीरब्राह्मी मांसल, बारीक पानांची आणि पाणथळीतली. गुळवेलीच्याही तीन भावंडांत गल्लत होते. खऱ्या गुळवेलीचं पान गुळगुळीत आणि फळ गोल. पानाखाली दाट लव असेल किंवा खोडभर ठळक गाठी असून चिरल्यावर दुधी चीक येत असेल तर ती दुसरी. शंका असेल तिथे फांदी, फूल आणि फळ घेऊन जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्र विभागात दाखवावं.

एका घराची पाच किलो पिंपळी व्यापारी उचलत नाही, तो क्विंटलात बोलतो. म्हणून लागवडीआधी वाडीतल्या दहा-बारा बागांनी एकच पीक, एकच जात ठरवावी आणि खरेदीदाराकडून ओलाव्याची आणि मालाच्या आकाराची अट लेखी मागून घ्यावी. पुण्याच्या राज्य फलोत्पादन व औषधी वनस्पती मंडळाकडे चालू योजनांची चौकशी करता येते. पीक ई-पीक पाहणीत नोंदवून सातबाऱ्यावर आणावं. शतावरी, सर्पगंधा यांसारखा माल रानातूनही चोरून काढला जातो, आणि तो लागवडीचाच आहे हे वाटेत दाखवायला तोच कागद कामी येतो. विकलेल्या प्रत्येक खेपेतला अर्धा किलो माल वेगळ्या बरणीत ठेवावा, त्यावर काढणीची तारीख, वाफ्याचा नंबर आणि वाळवायला लागलेले दिवस लिहून. पुढे तक्रार आली तर तीच बरणी उघडून बघता येते.